न जुळवायचा पियानो

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पियानो जुळवणे, लग्न केलेले नाही, जन्मापासून याच घरात राहणार, माझ्या मागे काय कोणाला जावे हे स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि कोणीही कानाशी न लागता लिहून ठेवते ते असे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. त्याच डॉक्टरांनी माझ्या कानांबद्दलही एक पत्र दिले होते. ते जोडलेले नाही, कारण कायदा मनाची चौकशी करतो, कानांची करत नाही. याआधी मी केलेली दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले मी रागात केले होते आणि दुसरे तापात.

कलम एक. घर. वरच्या दोन खोल्या, खालची मोठी खोली आणि रस्त्याकडचे दुकान, हे सर्व माझ्या धाकट्या भावाने हयातभर वापरावे आणि त्याच्यानंतर ते त्याच्या मुलीचे, म्हणजे माझ्या भाचीचे व्हावे. अट एकच. भावाने दार हळू लावावे. गेली साठ वर्षे तो दार लावत नाही, आपटतो, आणि विचारले तर वाऱ्याचे नाव सांगतो. ही अट कोर्टात टिकणार नाही असे वकील म्हणाले. टिकू नये, पण लिहिलेली असावी.

कलम दोन. बँकेत जे असेल त्यातून आधी छपराची गळती काढावी. उरेल ते भावाचे. यावर जास्त डोके चालवू नये.

कलम तीन. हत्यारे. वडिलांची तारा पिळायची किल्ली, तीन नादकाटे, फेल्टच्या पाचरी आणि तारांची गुंडाळी भाचीला. ही किल्ली वडिलांनी आधी भावाला दिली होती, कारण पोरीच्या मनगटात जोर नसतो असे त्यांचे ठाम मत होते. भावाने एका आठवड्यात नऊ तारा तोडल्या आणि दहाव्या तारेच्या वेळी तो रडत आईकडे गेला. मग किल्ली माझ्याकडे आली. वडिलांनी आपले मत बदलले असे काही नाही, फक्त त्याचा उल्लेख करणे बंद केले. भाची छत्तीस वर्षांची आहे, तिचे स्वतःचे गिऱ्हाईक आहे आणि हात चांगला आहे. खोड एवढीच की ती समोर फोन ठेवून पियानो जुळवते. सूर जागेवर आला की फोनवर हिरवा दिवा लागतो आणि ही पुढच्या पट्टीकडे वळते. मी तिला म्हणते, दिवा जुळव म्हणजे झाले, पियानोची काय गरज आहे.

कलम चार. माझा राखाडी कोट कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातल्या बाईंना द्यायचा होता, कारण गेली सहा वर्षे त्या माझ्याशी बोलताना कोटाकडे बघतात. पण त्या या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. म्हणून कोट मी त्यांना कालच देऊन टाकला. त्यांच्या अंगावर तो माझ्यापेक्षा बरा दिसतो.

कलम पाच. खालच्या खोलीतला काळा उभा पियानो. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण माझ्या मागे या घरात भांडण झालेच तर ते याच्यावरून होईल.

हा पियानो मुळात माझा नाही. तो पलीकडच्या रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका संगीतकारांचा. दिवसा ते टपालकचेरीत पत्रांची वर्गवारी करत आणि उरलेल्या वेळात असे संगीत रचत की शेजाऱ्यांनी त्यांचे नाव आदळआपट मास्तर ठेवले होते. चार दारे आणि एक वाऱ्याची झुळूक यांच्यासाठी त्यांनी एक रचना केली होती. झुळूक न आल्यामुळे तिचा प्रयोग दोनदा रद्द झाला. दुसरी एक रचना वजनकाट्यासाठी होती. त्यांना हसणाऱ्यांत मीही होते, हे आधीच कबूल करते.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी मास्तर रजा काढून एका कापडगिरणीत तीन आठवडे यंत्रांचे आवाज ऐकायला गेले. परत येण्याच्या दिवशी त्यांना पन्नास पूर्ण होणार होती. भावाला काहीतरी चांगले द्यावे म्हणून त्यांच्या थोरल्या बहिणीने मला बोलावून घेतले. या बहिणीला सगळेच ताई म्हणत. घरी शिलाई मशीन चालवून त्या संसाराला हातभार लावत.

झाकण उघडले आणि मी कपाळाला हात लावला. तारांमध्ये स्क्रू, खोडरबराचे तुकडे, कपडे वाळत घालायचा एक चिमटा, आणि एकही सूर जागेवर नाही. वाद्याचे इतके हाल मी पाहिले नव्हते. सगळा पसारा काढून मी बिस्किटांच्या डब्यात भरला आणि दोन दिवस खपून पियानो असा जुळवला की वडिलांनीही मान डोलावली असती. आमच्या धंद्यात काम झाले की सर्वात खालची पट्टी बाहेर काढून तिच्या लाकडी कडेवर, जिथे कोणाचे लक्ष जात नाही तिथे, पेन्सिलीने तारीख घालतात. मी तारीख घातली, शेजारी सहीही ठोकली आणि ताईंचा चहा पिऊन खुशीत घरी आले.

तिसऱ्या दिवशी मास्तर माझ्या दुकानात आले. टोपी हातात होती.

"बाई, फार सुंदर काम केलंत," ते म्हणाले. "इतकं नीट काम मी कुठे ऐकलं नाही. माझी अकरा वर्षं गेली."

मला वाटले, अकरा वर्षे ते चांगल्या कारागिराच्या शोधात होते. मी म्हटले, आधी निरोप आला असता तर आधी आले असते.

"तसं नव्हे," ते म्हणाले. "तो बिघडवायला अकरा वर्षं लागली होती."

एवढे बोलून ते माझ्या मोडक्या खुर्चीवर बसून राहिले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी दोन परत केल्या असत्या आणि प्रकरण तिथेच मिटले असते. पण ते नुसते बसले होते आणि मला तोंड लपवायला जागा उरली नव्हती. मी म्हटले, होता तसा करून देते. हे म्हणायला अर्धे मिनिट लागले आणि करायला चौदा महिने.

मास्तरांकडे एक वही होती. पियानोच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, वहीत अठ्ठ्याऐंशी ओळी. पण सूर आम्ही जसे लिहितो तसे त्यात काहीच नव्हते. पट्टी बारा: वडील जिना चढतात, बूट न काढता. पट्टी एकतीस: ताईचे मशीन, शिवण संपताना. पट्टी चव्वेचाळीस: टपालाची पिशवी फरशीवर. पट्टी एकोणसाठ: किटली, उकळी यायच्या जरा आधी. आयुष्यात जे जे ऐकले आणि विसरायचे नव्हते, ते त्यांनी एकेका पट्टीवर लावून ठेवले होते, आणि मी ते दोन दिवसांत, चहा पीत पीत, पुसून टाकले होते.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी जाऊ लागले. एकतिसाव्या पट्टीसाठी ताई मशीन चालवत आणि मी खुंटी पिळत असे. किटलीपायी त्यांच्या ओट्यावर इतके पाणी आटले की भिंतीचा रंग सुटला. बाराव्या पट्टीसाठी मास्तर वडिलांचे जुने बूट घालून जिना चढले. वडील वजनाने भारी होते म्हणून दोन्ही हातांत पिठाच्या पिशव्या घेतल्या होत्या, आणि खालच्या मजल्यावरच्यांना वाटले की हे घर बदलत आहेत. अशा रीतीने एकेका पट्टीबरोबर त्या माणसाचे आयुष्य मला कळत गेले. वडील कुलपे दुरुस्त करत. आई लवकर गेली आणि तिचा एकच आवाज मुलाजवळ उरला होता, खोकल्याचा. पट्टी अडतीस. तो मास्तरांनी स्वतः खोकून दाखवला. सूर लागल्यावर ताई उठून स्वयंपाकाला लागल्या.

संगीत म्हणून मात्र मला ते काही केल्या पटत नव्हते. चाळीस पट्ट्या होईपर्यंत माझे दात आंबत होते. मग एका शुक्रवारी त्यांनी 'जिना' नावाची रचना वाजवली. सहा मिनिटांची, त्यातली निम्मी शांतता. मी किल्ली पुसत होते. मधेच मी दार उघडायला उठले, कारण कोणीतरी दमून वर आले होते आणि दाराशी थांबले होते. उठल्यावर कळले की बाहेर कोणी नाही. मास्तरांनी विचारले, आले का लक्षात? मी हो म्हटले आणि मला रडू फुटले, कारण माझे वडीलही दिवसभराचे काम आटपून आले की दाराशी असेच थांबत, आणि ते थांबणे मी त्यांच्या मागे पहिल्यांदाच ऐकले होते. त्या दिवशी घरी आल्यावर आमचा गळका नळ मला ऐकू आला. मला समजायला लागल्यापासून तो गळत होता.

चौदा महिन्यांनी काम संपले, पण मंगळवार-शुक्रवार चालू राहिले. त्यावरून लोक काय बोलत ते मला ठाऊक आहे. उत्तर द्यायची वेळ कधी आली नाही, ती आता आली आहे असे धरते. मला ते आवडत होते, पुष्कळ आवडत होते. त्यांना मी आवडत होते की माझे कान, हे मी विचारले नाही आणि आता विचारायची सोय नाही. माझे त्यावाचून काही अडले नाही. चोवीस वर्षे मला आठवड्यातून दोनदा माझे काम नीट ऐकणारा माणूस मिळाला, आणि हे किती जणांना मिळते?

त्यांचा जाहीर कार्यक्रम आयुष्यात एकच झाला. तेवीस श्रोते होते. दुसरी रचना संपायच्या आत संगीतशाळेचे तेव्हाचे मुख्याध्यापक उभे राहिले आणि म्हणाले, आधी पियानो जुळवून आणा. हशा पिकला. मास्तरांनी मला पहिल्या रांगेतून उभे केले आणि शांतपणे सांगितले की पियानो यांनीच जुळवला आहे. पुढच्या आठवड्यात शाळेतल्या नऊ पियानोंचे काम माझ्या हातून गेले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू. पण चारचौघांत माझ्या कामाला माझे म्हणून त्याआधी कोणी दाखवले नव्हते.

ताई आधी गेल्या. एकोणीस वर्षांपूर्वी मास्तर गेले आणि जाताना पियानो, वही आणि बहात्तर रचना माझ्या नावे करून गेले. शेजारच्या सुताराने दाराची चौकट काढली तेव्हा कुठे पियानो खालच्या खोलीत शिरला. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी एका सोमवारी मी तो वहीबरहुकूम लावते आणि रविवारी सकाळी वाजवते. वाजवणे माझे यथातथाच. सुरुवातीला ऐकायला दोघे येत. आता कधी तीस होतात, लांबून येतात, जिन्यावर बसतात. 'जिना' ऐकताना कोणी ना कोणी दाराकडे बघतेच, आणि मला गालातल्या गालात हसू येते.

कलम सहा. संगीतशाळेचे ते मुख्याध्यापक आता निवृत्त असून शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत. गेल्या वर्षी ते स्वतः घरी आले, सोफ्यावर बसले आणि म्हणाले की पियानो शाळेच्या दालनात काचेमागे ठेवू, शेजारी पाटी लावू, आणि अर्थातच आधी तो नीट जुळवून घेऊ. मी त्यांना दुसरा चहा दिला नाही. त्यांना माझ्याकडून एक कपडे वाळत घालायचा चिमटा द्यावा. पियानोतला नाही, तो जागेवर आहे. दोरीवरचा द्यावा.

कलम सात. वरच्या अठरा पट्ट्या आता मला ऐकू येत नाहीत. डॉक्टरांचे न जोडलेले पत्र तेच सांगते. मी हाताच्या अंदाजाने त्या लावते, पण हे किती दिवस चालणार. माझ्या मागे हा पियानो ज्याच्या हाती जाईल तो भल्या मनानेच त्याचे वाटोळे करील, जसे मी केले होते, आणि या वेळी तो परत बिघडवायला मास्तर नसतील. भाचीवर माझा जीव आहे, पण तिच्या हिरव्या दिव्यावर माझा विश्वास नाही. सबब, माझ्या मृत्यूनंतर तीन दिवसांच्या आत सुताराने सर्व तारा सैल सोडाव्यात आणि पियानो कायमचा मुका करावा. मुका चालेल, पण सुरात नको.

कलम आठ. हे कलम महिनाभरानंतर, वेगळ्या कागदावर लिहीत आहे. कारण असे.

वरची सात कलमे मी भाचीला स्वच्छ अक्षरात उतरवायला दिली होती. ती सातव्यापर्यंत आली आणि तिने पेन खाली ठेवले. सगळ्या तारा सोडायच्या का, असे तिने विचारले. मी माझी कारणे सांगितली, त्यात तिचा फोनही आला. तिने वाद घातला नाही. मला दंडाला धरून पियानोपाशी नेले, पुढची फळी काढली आणि सर्वात वरची, अठ्ठ्याऐंशीवी पट्टी ओढून माझ्या हातात दिली. ती मी कधी बाहेर काढत नाही, कारण माझ्या तारखा खालच्या पट्ट्यांवर असतात. तिच्या कडेवर पेन्सिलीने बारीक अक्षरात नऊ तारखा घातलेल्या होत्या. प्रत्येक तारीख मी पियानो लावला त्याच आठवड्यातल्या गुरुवारची होती. गुरुवारी भाचीचे दुकान बंद असते आणि ती माझ्याकडे जेवायला येते.

"आत्या, वरच्या अठरा पट्ट्या तू सव्वादोन वर्षं चुकीच्या लावतेयस," ती म्हणाली. "तू जेवून आडवी झालीस की मी परत लावते. पहिल्यांदा भीती वाटली की तू उठशील. उठली नाहीस, तेव्हाच कळलं तुला ऐकू येत नाही."

मी विचारले, आणि फोन काय दाखवतो?

"लाल," ती म्हणाली. "अठराच्या अठरा लाल. इथे लाल म्हणजेच बरोबर."

वही तिने पाठ केली आहे. त्र्याऐंशीव्या ओळीत 'कुलपात नवी किल्ली' असे आहे, त्यासाठी ती कुलूपवाल्याकडे दोन तास बसून आली होती. एकोणऐंशीव्या ओळीत चष्म्याच्या डबीचा चाप आहे, त्यासाठी तिने जुन्या बाजारातून सात डब्या आणल्या आणि सातवी बरोबर निघाली. हे सगळे माझ्या नाकाखाली, माझ्याच घरात चालले होते आणि मी वामकुक्षी करत होते. लाज वाटायला हवी होती. मला इतका आनंद झाला की मी खाली बसले.

मग मी जरा भीतच विचारले, शहात्तरला काय लावलेस? कारण शहात्तराव्या ओळीत वहीत एकच शब्द आहे: ती. आणखी काही नाही.

"त्यात शोधायचं काय होतं?" भाची म्हणाली. "ती म्हणजे तूच की. काम करताना तू तोंड मिटून बारीक गुणगुणतेस ना, ते लावलंय. बाबांनाही विचारलं. ते म्हणाले, दुसरं कोण असणार."

आता खरे काय ते इथे नोंदवते. ती म्हणजे मी नव्हे. ती वही मास्तरांनी मला ओळखण्याच्या आधीची आहे. कोण होती हे त्यांनी सांगितले नाही. तिचा आवाज त्यांना काढून दाखवता येईना आणि नीट आठवतो असेही म्हणवेना. मी अंदाजाने एक सूर लावला. त्यांनी तो दोनदा वाजवला आणि म्हणाले, "ही ती नव्हे." थोड्या वेळाने म्हणाले, "पण राहू द्या." तेवढी एक पट्टी मी लावली तेव्हापासून चुकलेली आहे, हे फक्त आम्हा दोघांना माहीत होते.

हे मी भाचीला त्या वेळी सांगायला हवे होते. चुकलेला सूर दिसला की मला राहवत नाही, त्यावरच माझे पोट चालले. पण मी काही बोलले नाही. ती गेल्यावर पट्टी दाबून पाहिली. मला फक्त लाकूड लाकडावर आपटल्याचे ऐकू आले. भाची म्हणते की ती हुबेहूब माझ्यासारखी वाजते, आणि तिचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.

सबब, कलम सात रद्द. पियानो, वही, बहात्तर रचना आणि रविवारची सकाळ भाचीची. हे कलम मी तिला वाचायला दिलेले नाही, ती ते माझ्या मागे वाचेल. वाचून झाल्यावर तिला शहात्तरावी पट्टी सुधारण्याची इच्छा होईल, कारण ती माझ्याच हाताखाली तयार झाली आहे. तिने ती सुधारू नये. शहात्तरावी पट्टी चुकीची आहे आणि ती तशीच लावत जावी, अशी माझी शेवटची व बंधनकारक इच्छा आहे.

ठिकाण: राहते घर, खालची खोली, पियानोचे बाक.
दिनांक: सतरा, गुरुवार, सकाळी अकरा वाजता, भाची जेवायला येण्यापूर्वी.

लिहून ठेवणारीची सही: (सही)

आम्ही खालील साक्षीदार लिहून देतो की वरील सही बाईंनी आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत आणि हसत हसत केली. मजकूर आम्हाला वाचू दिलेला नाही.

साक्षीदार पहिला: शेजारचा सुतार (सही)
साक्षीदार दुसरी: कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातली बाई (सही)